सिस्टरचा धाकटा

२ जानेवारी

औषध कंपनीच्या माणसानं डॉक्टरांना डायऱ्या आणून दिल्या. डॉक्टरांनी त्यातली एक माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "सिस्टर, लिहीत जा काहीतरी. दिवसभर लोकांचं ऐकून घेता, कुठेतरी ओकायला हवं." त्यांचं बोलणं हे असंच. पण चूक नाही. दवाखान्यात मला बोलायला वेळ नाही आणि घरी धाकटा ऐकत नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आईबाबा पाठोपाठ गेले तेव्हा तो शाळेत होता आणि मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तेव्हापासून आम्ही दोघंच. आता त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे, दंड माझ्या मांडीएवढे आहेत, तरी माझ्या तोंडात धाकटाच. लग्नाचा विषय काढला की म्हणतो, "आधी डोक्यावरचं छप्पर तर धड होऊ दे, ताई."

आज पलंगावर पुन्हा छताचा पोपडा पडला. मी उशी पायाकडे केली. जिन्याचा कठडा आपण धरायचा नाही, तोच कधीतरी आपल्याला धरून खाली नेईल. मालकाला इमारत पडायलाच हवी आहे. पडली की जमीन मोकळी. त्याच्या मुकादमानं तळमजल्यावर पत्त्यांचा अड्डा बसवलाय, तो त्यासाठीच. बायकामुलींना दारातून आत येणं नकोसं झालं की माणसं आपणहून सोडून जातात. बरीच गेलीही.

९ जानेवारी

मास्तरांकडे बैठक होती. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. वर्षभर खेटे घालून त्यांनी भाडेकरूंनी स्वतः दुरुस्ती करायची परवानगी मिळवली. म्हणाले, मजूर परवडत नाहीत तर आपणच मजूर. सुटीच्या दिवशी प्रत्येक घरातून एक माणूस. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं.

आधी सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग तळमजल्यावरची इस्त्रीवाली म्हणाली, "मी गिलावा करीन. इस्त्री फिरवते तशी थापी फिरवीन, भिंतीला एक सुरकुती राहणार नाही." हशा पिकला आणि मग हात वर होत गेले. रिक्षावाला वाळू आणणार. शिंपी म्हणाला, मला फक्त सुई धरता येते. त्याला चाळणी दिली. धाकट्यानं दारं, गज, कठडे अंगावर घेतले.

मास्तरीणबाई सगळ्यांना चहा देत होत्या. मला म्हणाल्या, "यांना शाळा सुटल्यापासून वर्गच मिळाला नव्हता. आज मिळाला."

१७ जानेवारी

मास्तरांचा हात मोडला. मोडला म्हणजे मोडून ठेवला.

सकाळी ते जिन्याखाली विटा मोजून घेत होते. मुकादमाची दोन माणसं अड्ड्यातून बाहेर आली. एकानं त्यांना भिंतीशी दाबलं, दुसऱ्यानं त्यांचा हात कठड्याच्या दोन गजांत घातला आणि पायानं दाबला. आवाज मी वर ऐकला. आधी वाटलं, कुणी फळी मोडली.

दवाखान्यात आणलं तेव्हा मास्तर शुद्धीवर होते. हाड कातडीतून बाहेर आलं होतं. मी जखम धुतली आणि मोठ्या इस्पितळात पाठवण्यापुरतं बांधलं. ओठ चावून चावून त्यांनी रक्त काढलं, पण ओरडले नाहीत. धाकटा दारात उभा होता. त्यानं एकच विचारलं, "मारणारा कोणता?"

मास्तर म्हणाले, "तक्रार देऊ. तू काही करू नकोस."

तक्रार दिली. पोलीस आले, अड्ड्यावर बसून चहा प्यायले आणि गेले.

२० जानेवारी

काल संध्याकाळी धाकट्यानं अड्डा उलथवला.

दुकानातली पोरं आणि गल्लीतले काही जण घेऊन गेला. हातात लोखंडी पट्ट्या. मी वरून बघत होते. टेबलं, खुर्च्या, पत्ते रस्त्यावर आले, मग माणसं आली. मास्तरांचा हात मोडणारा पळायला लागला तर रिक्षावाल्यानं पाय घातला. तो तोंडावर आपटला. धाकट्यानं त्याला केसांना धरून उठवलं आणि त्याचं तोंड पायरीच्या कडेवर आदळलं. एकदा. दुसऱ्यांदा. लोक मोजत होते, मोठ्यानं, मुलं दोरीवरच्या उड्या मोजतात तशी.

मीही मोजत होते. इथे खोटं लिहून काय उपयोग?

मग तोच माणूस माझ्यापुढे आणला, कारण जवळ दवाखाना एकच. जबडा दोन ठिकाणी तुटला होता, दात ओठांतून आरपार गेले होते. मी शिवत होते आणि मन म्हणत होतं, बरं झालं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, टाके जरा हळू." मी हळू घातले नव्हते.

मास्तरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "हे व्हायला नको होतं." मला राग आला. ज्याच्यासाठी केलं त्यालाच किंमत नाही.

११ फेब्रुवारी

इतके दिवस लिहायला सवड नाही. सगळे नुसते राबतोय.

गच्चीची गळती बंद झाली. सांडपाण्याचे नळ बदलले. मागच्या चौकात कधीपासूनचा कचरा होता तो निघाला तेव्हा खाली फरशी सापडली, चांगली चौकटीचौकटीची. आम्ही सगळे वेड्यासारखे ती फरशी बघत उभे. इस्त्रीवाली खरोखरच गिलावा करते आणि काय सुरेख करते! तिची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. तिथूनच ती ओरडून सांगते, "कोपरे बघ गं, कोपऱ्यात तू नेहमी चोरी करतेस."

सोडून गेलेल्यांपैकी दोन घरं परत आली.

प्रत्येक खोलीला धाकट्यानं लोखंडी दार केलं, खिडक्यांना गज. सगळं हिरव्या रंगाचं. मुकादमाची माणसं परत आली तरी आत शिरायची नाहीत. अख्खी गल्ली त्याला आता दादा म्हणते. माझ्या धाकट्याला! परवा मास्तरांच्या वयाचा माणूस त्याला म्हणाला, "दादा, जरा लक्ष असू द्या." मी तोंड फिरवून हसले.

२६ फेब्रुवारी

शिंपी आला होता. करंगळी मोडली. दारात सापडली म्हणाला. या महिन्यात दारात बोट सापडलेला हा तिसरा. शिंप्याच्या बाबतीत तर कमालच, दोन सुट्या तो कामाला आला नव्हता आणि आता बोटामुळे आणखी येता येणार नाही.

घरी धाकट्याला म्हटलं, "तुझी दारं फार जड आहेत रे. कडेला रबर लाव, लोकांची बोटं जातायत."

तो इतका हसला की जेवताना ठसका लागला. "लावतो, ताई. रबर लावतो."

त्याच्याही हाताच्या गाठी सोलल्या होत्या. हातमोजे घालून काम कर म्हणून किती वेळा सांगायचं? मी औषध लावलं. लहानपणी गुडघे फोडून यायचा तेव्हा बसायचा तसाच बसला, हात पुढे करून, दुसरीकडे बघत.

२१ मार्च

बैठकीत भांडण झालं. मास्तर उठले. हात अजून गळ्यात बांधलेला. म्हणाले, "कामाला न येणाऱ्याकडून दंड घ्यायचा हे कुणी ठरवलं? आणि दंड दिला नाही तर पोरं पाठवायची हे कुणी ठरवलं? आपण घरं दुरुस्त करायला निघालो होतो, माणसं मोडायला नव्हे."

धाकटा शांत होता. "मास्तर, तुम्ही वर्ष घालवलंत आणि एक वीट हलली नव्हती. माझ्यामुळे हलली."

"खरं आहे," मास्तर म्हणाले. "मग मुकादम काल तुझ्या दुकानात काय करत होता, तेही सांग."

धाकटा म्हणाला, "माफी मागायला आला होता." मग मास्तरीणबाईंनी नवऱ्याचा सदरा ओढला आणि ते बसले.

मला मास्तरांचं वागणं आवडलं नाही. माफी मागायला आलेल्या माणसाला काय हाकलून द्यायचं? एकाएकी चांगलं झालेलं काही लोकांना पाहवत नाही. पण शिंप्यानं मान वर केली नाही, ते मात्र मला खटकलं.

२३ मार्च

मास्तर जिन्यावरून पडले. दुपारी, भर उजेडात. कठडा अजून एका बाजूलाच बसलाय, मी धाकट्याला म्हणतच होते.

डोक्याच्या मागे खोल जखम, टाके घालावे लागले. धड असलेल्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, बाहेरच्या बाजूनं निळे पट्टे. पडताना माणूस हात पुढे टाकतो. यांनी डोक्यावर का धरला असेल, कोण जाणे. गोंधळले असतील. म्हातारपण.

"कसे पडलात?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "पाय घसरला."

डॉक्टरांनी डोक्याची तपासणी करून घ्या, मोठ्या इस्पितळात जा असं दोनदा सांगितलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आम्हाला घरी जायचंय." मी रिक्षापर्यंत हात द्यायला गेले तर त्यांनी माझा हात असा झटकला की जणू भाजलं.

२ एप्रिल

मास्तर गेले. चार दिवस डोकं दुखतंय म्हणत होते, मग उलट्या, मग झोपच. काल सकाळी उठले नाहीत. आत रक्त साठलं असणार. मला ती लक्षणं पाठ आहेत आणि मी वर गेले नाही, कारण बाईंनी दोनदा दार उघडलं नव्हतं. तिसऱ्यांदा जायला हवं होतं.

अंत्ययात्रेत धाकटा सगळ्यांत पुढे होता. त्यानं भाषणही केलं, जिन्याला मास्तरांचं नाव द्यायचं असं जाहीर केलं. त्याचा आवाज भरून आला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अशा वेळी वाजवत नाहीतच.

मास्तरीणबाईंना भेटायला गेले. त्यांनी दार किलकिलं केलं. म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं शिक्षण किती झालंय हो?" मी सांगितलं. "मग तुम्हाला दिसत कसं नाही?" आणि दार लावलं.

दुःखात माणूस कुणावरही घसरतो. माझ्यावर घसरल्या.

१९ एप्रिल

इस्त्रीवाली दवाखान्यात येऊन बसली. सगळे रोगी जाईपर्यंत थांबली. तळमजल्यावर दुकानं काढायची ठरली आहेत म्हणे. तिची खोली रस्त्याकडे तोंड करून आहे, ती खाली करायची. ती नाही म्हणते.

"काल पोरं आली होती. सासूच्या पलंगाला लाथ मारली. म्हणाली, म्हातारीला उचलून रस्त्यावर ठेवू. तुम्ही एकदा त्याला सांगा ना, ताई. तुमचं ऐकेल."

घरी विषय काढला. धाकटा म्हणाला, "मागची खोली देतोय तिला. याहून मोठी. तिला फुकटचं भांडण हवंय."

"मागे अंधार आहे, गिऱ्हाईक कोण येणार? आणि दुकानं कुणाची?"

"आपल्या दुरुस्ती समितीची."

"मुकादम आहे का त्यात?"

त्यानं ताट उचललं आणि भिंतीवर फेकलं. माझ्या कानाजवळून गेलं. मग त्यानं माझं मनगट धरलं, बोटं पांढरी पडेपर्यंत. "तू दवाखान्यात बघ, ताई. घर मी बघतो."

थोड्या वेळानं स्वतःच ताट उचललं, भिंत पुसली. थकलाय. एकटा किती बघणार? मी इस्त्रीवालीला सांगितलं, मागची खोली मोठी आहे, विचार कर. ती माझ्या तोंडाकडे बघून हसली. त्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

८ मे

चार दिवसांनी लिहितेय. गळ्याचं हाड मोडलंय, डावा हात पोटाशी बांधलाय. उजवा चालतो. झालं तसं लिहून काढते, नाहीतर डोक्यात तेच तेच फिरत राहील.

चार तारखेला दुपारी दवाखाना बंद करून घरी येत होते. जिन्याखाली पोरं उभी. इस्त्रीवालीच्या दारापुढे धाकटा गुडघे टेकून बसलेला, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा. निळा उजेड आणि ठिणग्या. मला वाटलं दार दुरुस्त करतोय. मग आतून दार बडवल्याचा आवाज ऐकू आला.

दार चौकटीला जोडत होता. वर एक टाका घालून झाला होता, खाली दुसरा चालू होता.

मी म्हटलं, "अरे, आत माणसं आहेत!"

त्यानं मुखवटा वर केला. घामानं चेहरा चमकत होता. "असू देत. संध्याकाळपर्यंत बसतील, मग स्वतःच म्हणतील खोली घ्या."

आणि त्याच वेळी फटीतून धूर आला. बारीक, दोऱ्यासारखा. ठिणग्या आत गेल्या होत्या. आत सगळे लोकांचे धुतलेले कपडे, वाळलेले, गठ्ठ्यांनी रचलेले. इस्त्रीवाली आतून किंचाळली, "पेटलं! पेटलं! म्हातारी उठत नाही!" मागच्या खिडकीला गज होते. त्यानंच बसवलेले.

मी दाराशी गेले. लोखंड तापलेलं होतं. "तोड हे. आत्ता तोड."

तो धुराकडे बघत होता. मला वाटतं तो घाबरला होता. हे मी पोलिसांनाही सांगेन. पण तो म्हणाला, "बाजूला हो. नाटक आहे तिचं."

"धूर नाटक करतो का रे?"

मी त्याच्या पेटीतला घण उचलायला वाकले. तेव्हा त्यानं मला मारलं. हातात जी लोखंडी पट्टी होती तिनं. खांद्यावर बसली. हाड तुटल्याचा आवाज आपल्याच अंगातून येतो तेव्हा तो कानांनी ऐकू येत नाही, दातांत जाणवतो. मी पडले. पडल्यावर पोटात लाथ बसली. ती त्याची होती की पोरांपैकी कुणाची, मला माहीत नाही.

मी ओरडले. शब्द आठवत नाहीत. गॅलऱ्यांत माणसं उभी होती, सगळ्या मजल्यांवर, बघत. मग कुठलंतरी हिरवं दार धाडकन उघडलं. मग दुसरं. पाण्याची टाकी फुटावी तशी जिन्यावरून माणसं उतरली. प्रत्येकाच्या हातात कामाची हत्यारं होती, घमेली, थापी, पहारी. रिक्षावाला आणि आणखी दोघांनी पहार चौकटीत घातली. "एक साथ!" म्हणत जोर लावत होते, गच्चीवर वाळू चढवताना लावायचे तसा. चौकट भिंतीसकट बाहेर आली.

इस्त्रीवाली रांगत निघाली. म्हातारीला चादरीत घालून ओढत आणलं होतं तिनं. तिच्या दोन्ही हातांची कातडी कोपरापासून लोंबत होती. म्हातारीचे पाय काळे झाले होते आणि ती खोकत म्हणत होती, "लोकांचे कपडे गं, लोकांचे कपडे."

त्यानंतर ते धाकट्याकडे वळले.

पोरं केव्हाच पळाली होती. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. आधी कुणीच हात उचलला नाही. मग पहिला घाव बसला आणि मग मोजायला कुणी उरलं नाही, सगळेच मारत होते. पडल्यावर मारलं. हात जोडले तर हातांवर मारलं. त्याच्या तोंडातून "ताई" एवढाच आवाज येत होता. मी सरकत सरकत गेले आणि त्याच्यावर आडवी पडले. माझ्याही पाठीवर दोन बसल्या. मग कुणीतरी म्हणालं, "सिस्टर आहे, सिस्टर आहे," आणि थांबले.

त्याचा उजवा डोळा गेला. मी तळव्यानं दाबून धरला होता, पण दाबून धरण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

१२ मे

पोलीस इस्पितळात आले. दाराबद्दल सगळं सांगितलं. मला कुणी मारलं तेही सांगितलं. सही केली.

"त्याला कुणी मारलं?" त्यांनी विचारलं.

"गर्दी होती," मी म्हटलं. "गर्दीत काय दिसणार?"

सगळं दिसलं होतं.

इस्त्रीवाली शेजारच्याच खोलीत आहे, हातांना पट्ट्या. सासू जगेल म्हणतात. मी जाऊन बसले. ती म्हणाली, "तुम्ही ओरडला नसतात तर कुणी आलं नसतं." मग म्हणाली, "मास्तरांच्या वेळी कुणी ओरडलं नाही ना."

मास्तरांबद्दल लोक आता काय काय बोलतात. दार त्यानं जोडलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण मास्तरांनी स्वतः सांगितलं होतं की पाय घसरला. मेलेल्या माणसाचा शब्द खोटा कसा म्हणायचा?

१५ जून

तुरुंगात तिसऱ्यांदा गेले. दोनदा तो तोंड फिरवून बसला होता. आजही तसाच बसला, पण मी आणलेला डबा घेतला. एक डोळा नुसता खळगा. औषध वेळेवर देतात का विचारलं. मान हलवली.

इकडे इमारतीचं काम पुन्हा सुरू झालंय. इस्त्रीवालीची भिंत सगळ्यांनी मिळून बांधली. पोरं कुठे परागंदा झाली कुणास ठाऊक. मुकादम मात्र एकदा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होता, मग गाडीत बसून गेला. माझ्याशी लोक जेवढ्यास तेवढं बोलतात. मी जिन्यातून गेले की बोलणं थांबतं, पुढे गेले की सुरू होतं. ज्याला तुरुंगात पाठवलं त्याला डबा नेते, यांना दोन्हींतलं एकच काहीतरी हवं आहे.

४ जुलै

आज धाकटा बोलला!

मी बसले आणि तो स्वतःच म्हणाला, "ताई, खांदा कसा आहे?" मला रडूच फुटलं. तो म्हणाला, "रडू नकोस. तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. तुझ्यावर माझा राग नाही." किती दिवसांनी त्याचा तो जुना आवाज ऐकला.

वकिलानं जामीन मिळवलाय, सोमवारी सुटणार. खर्च कुणी केला विचारलं तर म्हणाला, एका मित्रानं. मित्र राहिलाय हे ऐकून बरं वाटलं.

मग तो एकेकाची चौकशी करत बसला. म्हातारीचे पाय कसे आहेत, इस्त्रीवाली दुकान केव्हा उघडते, रिक्षावाला हल्ली रिक्षा कुठे लावतो. इतक्या आपुलकीनं तो कधी कुणाबद्दल बोललेला मला आठवत नाही. आधी फक्त सिमेंट आणि लोखंड बोलायचा.

म्हणाला, "मला प्रत्येकाची माफी मागायचीय, ताई. एकेकाच्या दारात जाऊन. पण सुरुवात चुकायला नको. पहिला हात कुणी टाकला होता गं? मला त्या गडबडीत कळलंच नाही."

पोलिसांना सांगितलं नव्हतं. पण पोलीस वेगळे आणि भाऊ वेगळा. आणि ज्याला माफी मागायची आहे त्याला कुणाची मागायची हे कळायला नको? मी सांगितलं. पहिली वीट मास्तरीणबाईंनी घातली. मग रिक्षावाला. डोळ्यावर थापी मारली ती शिंप्यानं.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला. "साहजिकच आहे." अगदी शांतपणे. एकदाही आवाज चढला नाही. "एकट्याच असतात ना आता?"

"एकट्याच रे. मुलगी लांब."

"दार तेच आहे का, माझं?"

"तेच. पण कडी नीट बसत नाही म्हणत होत्या कुणालातरी. रात्री खुर्ची लावून झोपतात."

"मी आलो की बघतो," धाकटा म्हणाला.

वेळ संपली तेव्हा त्यानं जाळीतून माझी बोटं धरली. परतताना बसमध्ये आपला थांबा आला तरी उतरायचं सुचलं नाही, दोन थांबे पुढे गेले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्याचंच असणार.

उद्या वर जाऊन मास्तरीणबाईंना सांगते. दार उघडोत न उघडोत, बाहेरूनच सांगेन. कडीसाठी दुसऱ्या कुणाला बोलावू नका म्हणावं, सोमवारी धाकटा येतोय.